जुन्या मोटारीचा सुकाणू-दंड उतरविणे : खुणा, बलमार्ग आणि मूळ स्वरूप

जुन्या मोटारीच्या पुनरुद्धाराचे काम पाहणाऱ्यास सामान्यतः असे वाटते की, खरे कौशल्य जुळणीत आहे; सुटे करणे ही केवळ मेहनतीची बाब होय. सुकाणू-दंडाच्या, म्हणजे कारागीर ज्यास ‘स्टीअरिंग कॉलम’ म्हणतात त्या भागाच्या, बाबतीत हा समज घातक ठरतो. हा भाग उतरविताना जी माहिती नाहीशी होते तिच्या अभावी पुढे होणारी चूक डोळ्यांना दिसत नाही. ती चूक कशी घडते व कशी टाळता येते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुण्यास हा विषय अपरिचित नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० व तिच्या पुढील आवृत्त्या या शहरात अनेक दशके वावरल्या. त्यांपैकी १९६४ च्या सुमाराच्या मोटारींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, कवच व एंजिन यांत मोठे फेरफार न झालेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तेव्हा अशी मोटार सुटी करणे हे दुरुस्तीबरोबरच जतनाचेही काम झाले आहे.

प्रथम रचना पाहू. त्या काळच्या बऱ्याच मोटारींत सुकाणू-चक्रापासून निघालेला पोलादी दंड अखंड असून त्याच्या खालच्या टोकास वर्म, म्हणजे मळसूत्री दंतचक्र, असते. वर्म फिरले की त्याच्याशी गुंतलेला आडवा दंड थोड्या कोनातून फिरतो व त्यावर बसविलेला ‘ड्रॉप आर्म’ जोडदांड्यांच्या द्वारे पुढील चाके वळवितो. दंडाभोवती बाह्य नळी असते. फियाट ११०० मध्ये गिअरचा दांडाही सुकाणू-दंडालगतच असल्यामुळे त्याच्या जोडण्याही याच कामात सोडवाव्या लागतात.

पहिली अडचण सुकाणू-चक्र काढताना येते. चक्राचा तुंबा दंडावरील खाचांवर किंवा निमुळत्या भागावर घट्ट बसलेला असतो, आणि अनेक पावसाळ्यांच्या गंजाने ही पकड अधिकच दृढ होते. निमुळत्या भागाचा अर्धकोन घर्षणकोनाहून लहान असेल, तर तुंबा आपण होऊन सुटत नाही. घर्षणगुणांक ०·१५ धरल्यास हा घर्षणकोन सुमारे साडेआठ अंश येतो. अशा वेळी दंडाच्या टोकावर हातोडी मारण्याचा मोह होतो. परंतु तो आघात तुंब्यापाशी थांबत नाही. अखंड दंडातून तो थेट खालच्या बेअरिंगपर्यंत पोचतो, गोळ्यांचे ठसे त्यांच्या कड्यांत उमटतात व टोकावरील आटे चेपतात. पुलर लावल्यास ओढ तुंब्यावर व तितकाच दाब दंडाच्या टोकावर पडतो. बलांचा मार्ग तेथेच पूर्ण होतो. बेअरिंगला त्याची झळ लागत नाही. नट मात्र पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवावा, म्हणजे अकस्मात सुटलेले चक्र तोंडावर येणार नाही. उष्णता देण्याचा उपाय येथे बेताचाच आहे. वीस मिलिमीटर व्यासाच्या पोलादी तुंब्याचे छिद्र शंभर अंश सेल्सिअस तापविल्यास केवळ ०·०२४ मिलिमीटर मोठे होते. उलट त्याच उष्णतेने चक्रावरील कठीण रबराचे वा प्लॅस्टिकचे आवरण तडकते. गंज सोडविणारे तेल घालून एक-दोन दिवस वाट पाहणे श्रेयस्कर.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. सुकाणू-पेटीतील दात मध्यभागी, म्हणजे मोटार सरळ जात असतानाच्या स्थितीत, सर्वांत जवळ यावेत व दोन्ही बाजूंस थोडी मोकळीक राहावी, अशी सर्वसाधारण योजना असते. आता ड्रॉप आर्मच्या खाचा ३६ आहेत आणि जुळणीत तो एक खाच पुढे बसला असे समजू. चूक दहा अंशांची. पेटीचे प्रमाण १५ : १ असेल, तर चाके सरळ असताना सुकाणू-चक्र दीडशे अंश फिरलेले दिसेल. कारागीर चक्र उचलून सरळ बसवितो आणि चूक झाकली जाते. परंतु पेटी आता मध्यभागी नाही. सरळ रस्त्यावर ‘प्ले’ जाणवतो. तो घालविण्यासाठी समायोजनाचा स्क्रू आवळला जातो. आणि वळताना पेटी खऱ्या मध्यातून जाऊ लागली की दात आवळून सुकाणू अडते. वळणावर चक्र परत फिरत नाही, याचे मूळ अशा वेळी महिन्यांपूर्वी न केलेल्या एका खुणेत असते.

यास्तव क्रम असा ठेवावा. पुढील चाके सरळ करून बॅटरीची तार सोडवावी. चक्र व दंड, दंड व बाह्य नळी, आणि ड्रॉप आर्म व त्याचा आडवा दंड या तिन्ही ठिकाणी पंचाने बारीक खुणा कराव्यात. केवळ खडू पुरत नाही, कारण तो धुतला जातो. छायाचित्रे घ्यावीत. हॉर्नची तार, दिशादर्शक दिव्यांची कळ व गिअरच्या जोडण्या यांस चिठ्ठ्या बांधाव्यात. ड्रॉप आर्मही पुलरनेच काढावा. पेटीखालील पातळ चकत्या ज्या बोल्टच्या त्याच बोल्टबरोबर राखाव्यात, कारण दंडाचा कल त्यांवर अवलंबून असतो. पेटीचा भार वरच्या पकडीवर लोंबू देऊ नये, दंड वाकतो. जुळणीच्या वेळी पेटी व वरची पकड दोन्ही प्रथम हातानेच लावून, दंड आपल्या नैसर्गिक रेषेत आल्यावर मग आवळावीत.

झिजलेला भाग बदलावा लागल्यास नाना पेठेतील दुकानांत किंवा बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात शोध घेता येतो. मात्र दातांची संख्या, खाचा व लांबी ताडून पाहीपर्यंत जुना भाग टाकू नये. तडा गेलेला दंड वा आर्म वितळजोड देऊन वापरणे सर्वथा वर्ज्य होय.

शेवटी एक मर्यादा सांगितली पाहिजे. समोरून धडक बसल्यास अखंड दंड चालकाच्या छातीकडे ढकलला जातो. धडकेत दबणाऱ्या दंडाची योजना अमेरिकेत १९६७-६८ पासून सार्वत्रिक झाली. त्यापूर्वीच्या मोटारींत ती सहसा आढळत नाही. मूळ स्वरूप राखणे म्हणजे हा धोकाही राखणे होय, हे मालकास स्पष्ट सांगावे आणि वेग त्या बेताने ठेवण्याचा सल्ला द्यावा. जुन्या यंत्राविषयीचा आदर त्याचे दोष लपविण्यात नसून ते नेमके जाणण्यात आहे.