सडक्या भाजीतली वीज

हैदराबादला अफझलगंजातून नयापुलाकडे चालत जाताना मुसीचा वास येतो आणि लोक नाकाला रुमाल लावतात. शहराचं सांडपाणी नदीत कुजत असतं, त्याचा तो वास. या कुजण्यात ऊर्जा आहे. पण अक्षय ऊर्जा म्हटली की आपल्याला ऊन, वारा आणि धरणं एवढंच आठवतं.

कुजण्यातून मिळणाऱ्या जळाऊ गॅसबद्दलचा एक गैरसमज असा, की तो शेणापासूनच होतो. खरं तर गॅस तयार करतात जिवाणू, आणि तेही हवा नसलेल्या जागी. शेणात हे जिवाणू भरपूर असतात, म्हणून गॅसचं संयंत्र सुरू करताना ते विरजणासारखं उपयोगी पडतं. पण चाऱ्यातलं बरंचसं सत्त्व गाईने आधीच घेतलेलं असतं. पुण्याच्या 'आरती' संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी हे नेमकं हेरलं. पिठूळ, गोड खरकटं दोन किलो घातलं तर जेवढा गॅस मिळतो, तेवढ्यासाठी शेण सुमारे चाळीस किलो लागतं, अशी त्यांची मांडणी. खरकट्यावर चालणाऱ्या त्यांच्या घरगुती संयंत्राला २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं 'निसर्गऋण' संयंत्रही ओल्या कचऱ्यावरच चालतं.

हैदराबादचं उदाहरण आहे बोवेनपल्लीच्या भाजी मंडईचं. तिथल्या संयंत्राची क्षमता रोज दहा टन भाजीकचऱ्याची. तंत्र तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचं. कचरा निवडायचा, बारीक करायचा, पाण्यात कालवून बंद टाकीत सोडायचा. मिळालेल्या गॅसवर जनित्र चालतं. रोज सुमारे ५०० युनिट वीज होते. मंडईतले गाळे, रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठा तिच्यावर चालतो, शिवाय कँटीनच्या चुलीलाही गॅस जातो.

म्हणजे शहराचा वीजप्रश्न सुटला का? मुळीच नाही. एका टनामागे पन्नास युनिट, आणि घराला रोज पाच युनिट धरली तर सगळी मिळून शंभर घरांची वीज. तरीही हा उद्योग मला मोलाचा वाटतो, कारण हीच भाजी कचरा डेपोत दबून सडली तर तिच्यापासून होणारा मिथेन, म्हणजे हाच जळाऊ वायू, थेट हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट तापदायक आहे.

'असं संयंत्र शेजारी नको, घाण सुटेल' ही तक्रार नेहमीची. मिथेनला स्वतःचा वास नसतो. दुर्गंधी येते ती मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंची. हायड्रोजन सल्फाइड जनित्रालाही गंजवतो, म्हणून गॅस वापरण्याआधी तो काढावाच लागतो. टाकी बंद असते. वास सुटतो तो बाहेर साठून राहिलेल्या कचऱ्याला, आणि कचरा वेळेवर टाकीत गेला तर तोही टळतो.

कचरा जाळून वीज करणं मात्र वेगळं. हैदराबादच्या जवाहरनगरला तसा प्रकल्प आहे. भाजीत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. ते आटवण्यातच बरीचशी उष्णता खर्ची पडते. ओलं टाकीत आणि कोरडं भट्टीत जायला हवं. पण प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सुतळ्या भाजीत मिसळून आल्या की कचरा बारीक करणाऱ्या यंत्राची पाती अडकतात. त्यामुळे निवडण्याचं काम संयंत्रावर ढकलण्यापेक्षा अफझलगंज-बेगमबाजारातल्या हॉटेलांच्या आणि दुकानांच्या मागच्या दारी दोन वेगळे डबे ठेवणं सोपंही आहे आणि स्वस्तही.