बिनछपराची गाडी आणि गळकं छप्पर

“ताई, घराचं छप्पर गळतंय आणि यांना बिनछपराची गाडी हवीय!”

इंग्लंडातल्या माझ्या धाकट्या बहिणीचा हा फोन. मला आधी हसूच आलं. मग तिचा आवाज रडवेला झाला. छपरासाठी साठवलेल्या पैशांतून मेहुण्यांना गाडीचं ‘किट’ आणायचं होतं. किट म्हणजे सुट्या भागांचा संच. गाडी घरीच जोडायची.

मैत्रिणींनो, मेहुण्यांच्या मनात भरली होती ‘मिनी मोक’. मोक म्हणजे तिकडच्या बोलीत गाढव! इंजिन मिनी मोटारीचं, वर पत्र्याचा उघडा सांगाडा. ना दारं, ना काचा. ॲलेक इसिगोनिस यांनी ती लष्करासाठी आखली होती, पण चाकं लहान, म्हणून खडबडीत वाटेवर पोट घासायचं. मग १९६४ पासून ती साध्या गिऱ्हाइकांना विकली गेली. इंग्लंडात ती १९६८ पर्यंत बनली, पुढे ऑस्ट्रेलियात आणि शेवटी १९९३ पर्यंत पोर्तुगालात. आता जुन्या मोकचे भाव ऐकूनच धडकी भरते.

म्हणून हौशी मंडळी किटकडे वळतात. ‘स्कॅम्प’ १९६९ सालापासूनची. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे. दिसायला मोकची चुलतबहीणच! विल्यम टाऊन्स यांची १९७८ ची ‘हसलर’ जरा निराळी. तिला सपाट काचांची चौकोनी पेटीच म्हणा ना! पाऊस मात्र अंगावर येत नाही.

आता खरी गोम ऐका. ब्लाउजपीस स्वस्त मिळालं म्हणून ब्लाउज स्वस्त पडतो का? अस्तर, हुक, शिलाई धरलीत की कळतं! किटचंही तसंच. इंजिन, गियरबॉक्स, चाकं हे सारं एखाद्या जुन्या मिनीतून काढावं लागतं. मूळ मिनी २००० साली बंद झाली, तेव्हा तिची हाडंही म्हातारीच. मागची चाकं ज्या चौकटीवर बसतात, ती तर गंजण्यासाठी प्रसिद्धच आहे.

बहिणीला मी म्हटलं, “भांडू नकोस, वही घे.” तिनं लिहून काढलं : किटची किंमत, जुनी मिनी, ब्रेकची दुरुस्ती, टायर, रंग, विमा. घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तिकडे साधारणपणे ‘आयव्हीए’ नावाची सरकारी तपासणी पास व्हावी लागते. ब्रेक, दिवे, पट्टे, टोकदार कडा, सगळं पाहतात. तिची फीसुद्धा वहीत गेली. आणि शेवटचा प्रश्न : बिनदाराच्या गाडीत सहा वर्षांची छकुली कुठं बसणार?

त्या प्रश्नावर मेहुणे गप्प झाले म्हणे. मग स्वतःच म्हणाले, “आधी छप्पर.”

छप्पर झालं. वही मात्र तिनं फाडली नाही. आता दोघं मिळून कुणी आधीच जोडलेली स्कॅम्प शोधताहेत. कागदपत्रांवर नुसतं ‘मिनी’ आहे की खरी गाडी नोंदली आहे, हे ती स्वतः पाहते!

नवऱ्याच्या हौसेला एकदम ‘नाही’ म्हणू नये, बायांनो. तिचा हिशेब त्याच्याच हातानं मांडून घ्यावा.