अर्ध्या इंचाचा हिशेब

पाच फूट रुंद, सात फूट लांब. कडेपासून आत आत जाणारे धावदोऱ्याचे चौकोन, दोन ओळींमध्ये अर्धा इंच. एवढ्या वाकळेत सुई किती चालते? ६० गुणिले ८४, भागिले अर्धा : १०,०८० इंच, म्हणजे अडीचशे मीटरच्या वर. इंचाला तीन टाके धरले तरी ३० हजार टाके झाले. कराडजवळच्या एका घरात वहिनींनी हा हिशेब कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलाय. सासूबाईंना तो मुळीच पसंत नाही. ‘‘पोराला भरवताना घास मोजतं का कुणी?’’ त्या म्हणतात. वहिनींचं उत्तर तयार असतं : ‘‘पोराचे नाही हो आई, पण गिऱ्हाइकाचे मोजावे लागतात.’’

सासूबाईंना सगळी गल्ली काकू म्हणते, मीही. जन्मभर त्यांनी वाकळा शिवल्या त्या हौसेनं, आणि शिवल्या तशा वाटून टाकल्या. बाळंतिणीला एक, सासरी निघालेल्या भाचीला एक, पुण्याला शिकायला गेलेल्या पुतण्याला एक. पुतण्याच्या खोलीतल्या मुलांनी तसल्याच मागितल्या, पैसे देऊ म्हणाले, आणि काकूंनी ‘नको’ म्हणायच्या आत वहिनी ‘हो’ म्हणून मोकळ्या झाल्या. आता मुलगा कापडाची ने-आण बघतो, वहिनी ऑर्डरी आणि वही सांभाळतात, दुपारच्या वेळी शेजारच्या बायका शिवायला येतात. काकांच्या वाट्याला सुईत दोरा ओवायचं काम आलंय. सकाळच्या उजेडात चष्मा लावून ते दिवसभराच्या सुया ओवतात आणि उशीला टोचून ठेवतात.

शिवण्याइतकंच, किंबहुना जास्तच, कसब थर मांडण्यात आहे. साडी आली की काकू आधी ती उजेडासमोर धरतात, विरलेली जागा लगेच दिसते. मग दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायचं. चर्र झालं की तो तुकडा बाद. सहावारीतून या मापाचे दोन थर निघतात, तेही सांधे देऊन. नऊवारीतून जवळजवळ तीन. जरीचे काठ काढायचे, कारण जर अंगाला टोचते आणि सुईलाही अडते. खळ धुऊन काढायची, नाहीतर कसर लागते. नवं कापड घ्यायचं तर ते आधी भिजवून आटवायचं. आत जुनं आणि वर कोरं असं शिवलं, तर पहिल्याच धुण्यात वरचं आटतं आणि अख्खी वाकळ चुरगळून बसते.

पडवीतल्या शहाबादी फरशीवर थर पसरले जातात. कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, दोन विटा. काकू मधोमध गुडघ्यांवर बसतात आणि तळहातानं सुरकुती कडेकडे ढकलत नेतात. कच्चे टाके मधून बाहेर, वीत वीत लांबीचे. पक्की शिवण मात्र उलटी, बाहेरून आत. कडा मुडपून पहिला फेरा, मग दुसरा, मग तिसरा. या वाटेनं येताना कापडाची ढिलाईही थोडी थोडी पुढं सरकते आणि शेवटच्या चौकोनात गोळा होते. तिथं फुगा येतो. शिकाऊ हात तो दाबून वरून टाके मारतो, आणि चुणी कायमची बसते. काकूंना बऱ्याच आधी, बोटानं चाचपताच कळतं की पुढं फुगा येणार; तिथंच कच्चे टाके उसवून त्या थर नीट करून घेतात. त्यांची डावी तर्जनी वाकळेखाली असते. सुईचं टोक तिला लागलं की सुई वर. एका दमात चार-पाच टाके सुईवर भरायचे, मग दोरा ओढायचा. ‘‘आवळू नको गं, पोतं नाही शिवत,’’ हे त्यांचं पालुपद. त्या सैलपणामुळेच थरांत हवा राहते आणि ऊब धरते.

मशीन थर दाबून टाकतं, ते खरंच. तरी हमरस्त्यांच्या कडेला ‘गोधडी शिवून मिळेल’ अशा पाट्या वाढताहेत, आणि मुलानंही मोटर बसवलेलं एक मशीन घेतलं. काकूंनी बरेच दिवस त्याच्याकडे पाठ केली. मला मुलाचं पटतं. हातानं तासाला सहा-सात मीटर ओळ होते, म्हणजे एका वाकळेला चाळीसेक तास. साधी मजुरी लावून किंमत सांगितली तरी समोरचा विचारतो, ‘‘जुन्याच साड्यांची ना?’’ अशा माणसाला मशीनवरची द्यावी. मांडणी आणि कच्चे टाके त्यातही काकूंचेच असतात.

जुन्या साड्यांचीही गंमतच आहे. लोक आणतात त्या कपाटात जपलेल्या : आईचा शालू, जॉर्जेट, पॉलिस्टर. त्या घसरतात, थर जागेवर राहत नाहीत. रोज नेसून मऊ झालेली सुती पातळं केव्हाच बोहारणीच्या बोचक्यात गेली, एखाद्या पातेल्याच्या बदल्यात. मग तोडगा म्हणून रेशमी पदराचा तुकडा मधोमध ठिगळासारखा बसवायचा आणि बाकी सगळं इचलकरंजीहून थानात आणलेलं सुती कापड.

अमेरिकेत मिझुरी राज्यात हॅमिल्टन नावाचं दोन हजारांहूनही कमी वस्तीचं गाव आहे. २००८ मध्ये जेनी डोन या बाईंच्या मुलांनी तिथं आईसाठी गोधडी शिवायचं मोठं मशीन घेतलं. पुढं यूट्यूबवर तिचे धडे, आयत्या कापलेल्या कापडाचे गठ्ठे, आणि त्यातून गावभर पसरलेली दुकानं. वहिनींनी ते धडे पाहिलेत, आणि आपल्याकडे तसं का होत नाही यावर त्यांचं माझं बोलणंही झालंय. तिकडचं गिऱ्हाईक स्वतः शिवतं, म्हणून त्याला कापड, दोरा, नमुना विकता येतो. इकडचं गिऱ्हाईक येतं तेच मुळी घरात शिवणारं कुणी उरलं नाही म्हणून. त्याला विकायचे ते तास.

त्यावर वहिनींना सापडलेला मार्ग म्हणजे दुपटं. तीन फूट बाय तीन फूट, अर्ध्याच इंचाची शिवण, पण ओळ भरते ६५ मीटरच्या आसपास. दहा तासांत हातचं काम पुरं होतं, किंमत बारशाच्या आहेरात बसते, आणि तान्ह्या बाळासाठी घेताना घासाघीस करायला जीभ रेटत नाही. घर चालतं ते या दुपट्यांवर. मोठी हातशिवणीची वाकळ वर्षातून मोजकीच होते, तीही काकूंना गिऱ्हाईक पटलं तर. बायकांच्या मजुरीचे दोन दर ठरलेत, अर्ध्या इंचाचा आणि इंचाचा. अंतर दुप्पट झालं की शिवण निम्म्यावर येते, हे त्यांना कॅलेंडर न बघताही ठाऊक होतं.

अडचण ऋतूंची आहे. पावसाळ्यात धुतलेलं कापड वाळत नाही, कुबट वास धरतं, सुया गंजतात. त्यामुळे मोठं काम होळीपासून मृगापर्यंत उरकायचं आणि विक्री दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर. मजुरी मात्र दर शनिवारी द्यायची. मधले महिने पैसा ट्रंकेत घडी घालून पडलेला असतो. म्हणून यंदा वहिनींनी निम्मी रक्कम आगाऊ घ्यायला सुरुवात केली. काकूंना हेही आवडलं नाही. दाराशी आलेल्या माणसाकडे आधी पैसे मागायचे म्हणजे काय! मग एका गिऱ्हाइकानं सांगून शिवून घेतलेली डबल वाकळ नेलीच नाही, फोनही उचलेना. काकूंनी दोन-तीनदा ती घडी उलटसुलट केली आणि हळूच सुनेला विचारलं, ‘‘आगाऊ घेतले होतेस ना गं?’’