साखर फुटते तेव्हा

दसरा-दिवाळीच्या सुमारास राहू, पारगाव, केडगावच्या पट्ट्यातून रात्री गाडी निघाली की उकळत्या रसाचा वास बंद काचेतूनही आत येतो. भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. घोड आणि चासकमान धरणांचं, खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आलं तसा ऊस वाढला. उसापाठोपाठ न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर असे कारखाने उभे राहिले. आणि शेताच्या बांधावर गुऱ्हाळं तर आहेतच.

याच गावांतली मुलं माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला येतात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "सर, रसायनशास्त्र सुटावं म्हणून तर हा विषय घेतला." त्या मुलाची अडचण मला कळते. बारावीला त्याने रसायनशास्त्र सूत्रं पाठ करून पार पाडलेलं असतं. पण जीवाणू डोळ्यांना दिसत नाही. तो काय खातो, काय बाहेर टाकतो, कशाने वाढतो आणि कशाने मरतो, हे समजून घ्यायला रसायनाखेरीज दुसरी वाट नाही. म्हणून मी वर्गात आधी गुऱ्हाळ काढतो. त्या मुलांपैकी निम्म्यांनी तरी चुलवणात चिपाड सारलेलं असतं.

उसाच्या रसात बहुतांश पाणी आणि त्याखालोखाल सुक्रोज, म्हणजे आपली साखर. सुक्रोजचा रेणू जोडरेणू आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे दोन तुकडे एका बंधाने जोडलेले. त्या बंधात पाण्याचा एक रेणू शिरला की जोडी फुटते. हिशेब अगदी सरळ आहे. 342 ग्रॅम सुक्रोज, त्यात 18 ग्रॅम पाणी, आणि हाती 180 ग्रॅम ग्लुकोज नि 180 ग्रॅम फ्रुक्टोज. पाणी शिरून रेणू तुटण्याच्या या क्रियेला जलअपघटन म्हणतात. हा एक शब्द नीट समजला तर पदवीच्या तीन वर्षांतला बराच अभ्यास हलका होतो. पिष्टाचं पचन, प्रथिनांचे तुकडे होणं, जीवाणूने पेशीबाहेर विकरं सोडून अन्न फोडणं, सगळीकडे हेच चाललेलं असतं.

गुळव्याला ही फूट नको असते. सुक्रोज स्फटिक धरतं, ढेप घट्ट बसते. फुटलेली साखर स्फटिक धरत नाही, ती हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटतं आणि वर बुरशी येते, त्यामागे ही फुटलेली साखर असते.

साखर फुटते दोन वाटांनी. पहिली वाट आम्लाची. ताज्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, 5 ते 5.5 च्या आसपास असतो, थोडा आंबटच. सामूचा आकडा एकाने खाली आला की हायड्रोजन आयन दहापट होतात, दोनाने आला तर शंभरपट. मुलं हे पाठ करतात आणि विसरतात. काहिलीपाशी उभं राहिलं की विसरता येत नाही. गुळव्या चुन्याची निवळी घालतो, सामू 5.3 वरून 6.3 पर्यंत चढतो, आणि साखर फोडणाऱ्या दर दहा हायड्रोजन आयनांतला एकच उरतो. त्याच्या हातात मीटर नसतं. रसाचा रंग, फेस आणि मळी कशी फाटते यावरून तो अंदाज घेतो. सामूची ही मोजपट्टी 1909 मध्ये सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ती प्रयोगशाळा एका बिअर कारखान्याने काढलेली होती, म्हणजे तिथेही प्रश्न यीस्ट आणि साखरेचाच.

चुन्याचं आणखी एक काम. रसात प्रथिनं, मेण, मातीचे बारीक कण तरंगत असतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर ऋण प्रभार असतो. चुन्यातला कॅल्शियम धन प्रभाराचा. तो फॉस्फेटशी, या कणांशी जुळतो आणि गोळे बांधतो. भेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी घातलं की ते गोळे त्यात गुरफटून वर येतात आणि झाऱ्याने मळी काढता येते. आता प्रयोगशाळेत या. काचपट्टीवर जीवाणू पसरून आपण क्रिस्टल व्हायोलेट ओततो आणि पेशी जांभळ्या होतात, कारण पेशीचा पृष्ठभाग ऋण आणि रंगाचा आयन धन. काहिलीतली मळी आणि ग्रॅम रंजनाची पहिली पायरी या दोन्हींमागे एकच ओढ आहे.

साखर फुटायची दुसरी वाट विकराची. ऊस तुटला की कापलेल्या तोंडावर यीस्ट आणि जीवाणू बसतात, उसातही स्वतःचं इन्व्हर्टेज असतं. हे विकर साध्या तापमानाला, आम्लाच्या मदतीशिवाय तोच बंध फोडतं आणि स्वतः शिल्लक राहतं. ते प्रथिन असल्यामुळे उकळीला त्याची घडी मोडते आणि काम थांबतं. काहील तापेपर्यंत साखरेला धोका विकराचा, काहील तापल्यावर धोका आम्लाचा. म्हणून तोडलेला ऊस लवकर गाळायचा आणि रसाला चुना वेळेवर द्यायचा.

या एका फुटीवर विज्ञानाचा केवढा मोठा भाग उभा आहे, हे मुलांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. आम्लाने साखर किती वेगाने फुटते हे 1850 मध्ये विल्हेल्मी यांनी मोजलं. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं आणि फुटल्यावर डावीकडे, त्या वळण्यावरून त्यांनी वेग काढला. रासायनिक अभिक्रियेचा वेग मोजण्याची सुरुवात तिथून धरतात. 1913 मध्ये मिकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी यीस्टचं इन्व्हर्टेज आणि हीच साखर घेऊन विकराच्या वेगाचं समीकरण मांडलं. सामू स्थिर ठेवण्यासाठी त्यांनी बफर वापरला, कारण तोवर सोरेन्सनची मोजपट्टी हाती आली होती. परीक्षेत ज्या समीकरणाची मुलं धास्ती घेतात ते असं उसाच्या साखरेतून आलेलं आहे.

आता शिळा ऊस. तोडून दोन दिवस फडात पडलेला किंवा जळीत ऊस गाळायला आणला की रस तारेसारखा ओढला जातो. बोटांच्या चिमटीत धरून पाहिला तर चिकट तार सुटते. हे काम ल्युकोनॉस्टॉक नावाच्या जीवाणूचं. तो सुक्रोज घेतो, फ्रुक्टोज बाजूला टाकतो आणि ग्लुकोजचे मणी एकाला एक ओवून डेक्स्ट्रान नावाची लांब साखळी करतो. ही साखळी कारखान्यात रस गाळू देत नाही आणि साखरेचा दाणाही नीट धरू देत नाही. शिवाय लॅक्टिक आम्ल तयार होऊन सामू घसरतो, म्हणजे पहिल्या वाटेचं दारही उघडतं. युरोपात बीटच्या रसाचंही असंच व्हायचं. 1856 मध्ये लील गावात बीटपासून दारू करणाऱ्या कारखानदाराच्या पिंपांत दारूऐवजी आंबट रस होऊ लागला, म्हणून त्याने लुई पाश्चर यांना बोलावलं. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ होते. बिघडलेल्या पिंपात त्यांना यीस्टहून वेगळे सूक्ष्मजीव सापडले आणि आपल्या विषयाचा पाया पडला तो तिथून.

डेक्स्ट्रानपाशी मला थोडं थांबायचं आहे. त्यात ग्लुकोज, भाकरीच्या पिठातल्या पिष्टात ग्लुकोज आणि चुलवणात जळणाऱ्या चिपाडातल्या सेल्युलोजमध्येही ग्लुकोजच. फरक फक्त मणी कुठल्या कोपऱ्यात आणि कुठल्या दिशेने जोडला आहे याचा. पिष्टाचा बंध आपल्या लाळेतलं विकर फोडतं. सेल्युलोजचा बंध फोडणारं विकर आपल्याकडे नाही, बैलाकडेही नाही. तरीही बैल वाढे खाऊन दिवसभर ओढकाम करतो, कारण त्याच्या पोटात ते विकर असलेले सूक्ष्मजीव राहतात. बंधाची जागा बदलली की अन्न कुणाचं ते बदलतं. हे ज्याला कळलं त्याला कुठल्या माध्यमावर कुठला जीवाणू वाढेल हे पाठ करावं लागत नाही.

परत काहिलीकडे. पाणी आटत जातं, पाक घट्ट होतो, तापमान 118 अंशांच्या आसपास जातं. उघड्या भांड्यात पाणी शंभरापुढे तापत नाही, मग पाक कसा तापतो? विरघळलेली साखर पाण्याचे रेणू धरून ठेवते, त्यांना सुटायला जास्त उष्णता लागते. प्रयोगशाळेतल्या ऑटोक्लेव्हमध्ये आपण 121 अंश गाठतो, पण तिथे वाफेचा दाब ते काम करतो. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. गोळी झाली म्हणजे पाणी पुरेसं उडालं. उरलेलं बरंचसं साखरेने अडवलेलं असतं, जीवाणूच्या वाट्याला येत नाही. म्हणून कोरड्या जागी ठेवलेली ढेप कित्येक महिने टिकते. जीवाणू तिच्यावर पडला तरी परासरणाने त्याच्याच पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं.

जलअपघटनाची हीच फूट प्रयोगशाळेत मुलांना रडवते. एकदा माझ्या एका विद्यार्थिनीचं आगर काही केल्या गोठेना. तिने बुरशीसाठी आम्लधर्मी माध्यम करायचं म्हणून आधी आम्ल घातलं आणि मग ऑटोक्लेव्ह केलं. आगर हीसुद्धा साखरेची लांब साखळी. आम्ल आणि उष्णता एकत्र आली, जलअपघटन झालं, साखळी तुटली. आधी ऑटोक्लेव्ह करायचं, कोमट झाल्यावर निर्जंतुक आम्ल घालायचं, हा नियम वहीत होता, पण त्याचं कारण वहीत नव्हतं. ती गुऱ्हाळवाल्या घरातली. मी म्हटलं, "तुझे आजोबा चुना का घालतात?" तिने क्षणभर विचार केला आणि पुढची बाटली बरोबर केली.

रंगाबद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर घालतात. हे सोडियम डायथायोनाइट, जोरदार क्षपणकारक. ते रंगद्रव्यांना इलेक्ट्रॉन देतं, रंग फिका पडतो. पुढे हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि तोच गूळ काळवंडतो. दूध तपासायच्या मेथिलीन ब्लू चाचणीतही निळा रंग असाच जातो, फक्त तिथे इलेक्ट्रॉन वाढत्या जीवाणूंकडून येतात. चाचणी शिकवायला हे उदाहरण उत्तम आहे, पण खाण्याच्या गुळात त्या पावडरीचं काही काम नाही. तपकिरी गूळ घ्यावा.

या सुट्टीत विद्यार्थ्यांनी एवढं करावं. गुऱ्हाळावर जाऊन ताजा रस आणा आणि तीन स्वच्छ बाटल्यांत भरा. एक तशीच ठेवा, दुसरीतला रस उकळून भरा, तिसरीत चिमूटभर चुना घाला. दर चार तासांनी पीएच पट्टीने सामू बघा, वास, फेस आणि तार यांची वहीत नोंद करा, आणि तिन्ही बाटल्या वेगळ्या का वागल्या हे स्वतःच्या शब्दांत लिहून आणा. रस पिऊ नका. झाकणं सैल ठेवा, कारण आंबणाऱ्या रसातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि घट्ट लावलेली बाटली फुटते.