काट्यावरच्या संगणकाची किल्ली



वजनकाट्याच्या संगणकाला मागे अंगठ्याएवढी किल्ली कशाला लावतात, असे पुष्कळ सभासद आम्हांस विचारतात. म्हणून हा खुलासा.

संगणकाचा प्रोग्राम बेण्यासारखा असतो. तयार व्हायला वर्षे लागतात. हाती लागला की नक्कल क्षणात होते. म्हणून बनवणारे तो किल्लीला बांधतात. तिला डोंगल म्हणतात. १९८० मध्ये कमोडोर पेट संगणकावरील वर्डक्राफ्ट या प्रोग्रामला अशी किल्ली होती.

आताच्या चांगल्या किल्लीला प्रोग्राम दर वेळी नवा प्रश्न टाकतो. किल्ली आपल्या पोटातल्या गुप्त आकड्यावरून उत्तर देते; आकडा बाहेर येत नाही. उत्तर चुकले की काम बंद. पण चोर कधी प्रोग्राममधला प्रश्नच काढून टाकतो. फाटकाला कुलूप आणि कुंपणातून वाट, तसेच हे! त्यावर उपाय म्हणून हिशेबाचा काही भाग किल्लीच्या आतच करून घेतात.

मात्र ध्यानात ठेवा, किल्ली प्रोग्राम राखते, वजन नाही. वजनाच्या खात्रीसाठी वैधमापन खात्याची मुद्रा आणि आपली पावती पाहावी.

आपल्या सोसायटीला किंवा दूध केंद्राला कुणी फोडलेली नक्कल स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आत काय बदलले ते कळत नाही, मग हिशेबाचा भरवसा कसला? शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाणूनबुजून अशी नक्कल वापरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रोग्राम पावतीनिशी घ्यावा आणि किल्ली तिजोरीतल्या चावीसारखी जपावी.

— ऊस विकास अधिकारी