रिमफायर रायफलला 'सूट' होणारं काडतूस कसं शोधतात? मोबाईल कॅमेरा वापरून समजून घ्या

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून आमच्या गारगोटीत नेमबाजीबद्दलचे प्रश्न एकदम वाढलेत. साहजिक आहे. त्याचं कांबळवाडी आमच्या शेजारच्याच राधानगरी तालुक्यात. मला मोबाईल, ॲप आणि गॅजेट्सबद्दल विचारणारी पोरं आता मध्येच विचारतात, "दादा, पॉइंट टू-टूला सगळ्यात भारी गोळी कुठल्या कंपनीची?" काही जण यूट्यूबवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे .२२ मॅग्नमचे व्हिडिओ बघून येतात आणि त्याच डब्याचं नाव सांगतात.

या प्रश्नाचं खरं उत्तर कंपनीच्या नावात नाही. ते मोजमापात आहे, आणि त्यातलं बरंचसं मोजमाप तुमच्या खिशातल्या फोनने होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे शिकार हा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केलाय. गवा ऊस तुडवून गेला किंवा रानडुकरांनी भुईमूग उकरला तर वन विभागाकडे पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज, हाच रस्ता. रायफल आणि काडतुसांना परवाना लागतो, काडतुसांच्या संख्येलाही मर्यादा असते. म्हणून पुढचं सगळं वाचायचं ते टार्गेट शूटिंगसाठी, म्हणजे क्लब, रेंज आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीसाठी.

रिमफायर म्हणजे नेमकं काय?

काडतुसाच्या मागच्या बाजूला जी कड असते तिला रिम म्हणतात. रिमफायरमध्ये पेट घेणारा मसाला या कडेच्या आतल्या पोकळीत पसरलेला असतो. चाप ओढला की फायरिंग पिन कडेवर आपटते, मसाला पेटतो, तो दारू पेटवतो आणि गोळी सुटते. मोठ्या रायफलींच्या सेंटरफायर काडतुसात हा मसाला मधोमध बसवलेल्या वेगळ्या टोपीत असतो. ती टोपी बदलता येते, म्हणून परदेशात अनेक जण मोकळी केस परत भरतात आणि दारूचं वजन कमीजास्त करून आपल्या रायफलला जुळवून घेतात. रिमफायरमध्ये ती सोयच नाही. कड एकदा चेपली की केस संपली.

म्हणजे इथे काडतूस आपल्याला 'बनवता' येत नाही, फक्त 'निवडता' येतं. सगळा खेळ इथून सुरू होतो.

.२२ लाँग रायफल (एलआर) हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय आणि ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलमध्ये आजही तेच वापरतात. .२२ मॅग्नम विंचेस्टरने १९५९ मध्ये आणलं. गोळीचं वजन दोन्हीकडे साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम असू शकतं. पण मॅचचं एलआर सेकंदाला ३२०-३३० मीटरने निघतं आणि मॅग्नम ५८० च्या आसपास, त्यामुळे ऊर्जा तिपटीहून जास्त. ऐकायला मॅग्नम भारी वाटतं. अचूकतेत मात्र उलटं चित्र दिसतं. मॅचचं एलआर मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. शिवाय स्पर्धा एलआरवर चालतात, म्हणून कंपन्यांची सगळी मेहनत त्यावर. मॅग्नम शिकारीच्या बाजारासाठी बनतं, त्याच्या डब्यांमध्ये निवड कमी आणि फरक जास्त. आणि हो, "दोन्ही .२२च की" म्हणून एलआरचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये कधीही घालायचं नाही. मॅग्नमचं चेंबर रुंद असतं, केस फाटून गरम वायू तोंडाकडे येऊ शकतो.

डब्यावरचा लॉट नंबर

मोबाईलच्या बॅटरीवर जसा बॅच नंबर असतो तसा काडतुसाच्या डब्यावर लॉट नंबर असतो. एका लॉटमध्ये त्याच मशीनवर, त्याच दारूतून, त्याच मसाल्यातून बनलेली काडतुसं. एलआरमध्ये दारू असते जेमतेम एक-दीड ग्रेन, म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्साही नाही. इतक्या कमी मालात कणभर फरक पडला तरी वेग बदलतो. कडेतला मसाला एका बाजूला जास्त साचला तरी बदलतो.

आता गणित बघा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिमी. ३३० मीटर प्रति सेकंद वेगाची गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे ११३ मिमी खाली येते (हवेचा अडथळा बाजूला ठेवून). ३२० वेगाची सुमारे १२० मिमी. दोन गोळ्यांमध्ये १० मीटर प्रति सेकंदाचा फरक म्हणजे टार्गेटवर ७ मिमीचा उभा फरक! नेमबाजाने श्वास रोखला, चाप लोण्यासारखा ओढला, तरी अर्ध्याहून जास्त दहा काडतुसानेच खाल्ला. २०१० मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झालेली आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत असो की स्वप्निल, या पातळीवर निकाल दशांश गुणांवर लागतात. पॅरिसच्या फायनलमध्ये स्वप्निलचे ४५१.४, सोन्याचे ४६३.६.

म्हणून मोठे नेमबाज काय करतात? इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस या कंपन्यांकडे टेस्ट टनेल असतात. तिथे रायफल किंवा तिचं बॅरल शिकंजात घट्ट बसवायचं, एकेका लॉटची काडतुसं झाडायची, प्रत्येक गोळी कुठे लागली ते सेन्सर टिपतो. जो लॉट सगळ्यात घट्ट ग्रुप देईल तो हजारांनी विकत घ्यायचा. गंमत म्हणजे तोच लॉट दुसऱ्याच्या रायफलमध्ये साधाच निघू शकतो. बॅरलच्या आतला व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत वेगळा असतो, चेंबर वेगळं असतं, झाडताना बॅरल थरथरण्याची पद्धत वेगळी असते. "कुठल्या कंपनीची भारी" या प्रश्नाचा निकाल इथेच लागतो. यूट्यूबवाल्याची रायफल तुमची नाही आणि त्याचा लॉटही तुमच्या दुकानात आलेला नाही.

आपल्याला काय करता येईल?

टनेल आपल्याकडे नाही, पण पद्धत तीच ठेवता येते. प्रशिक्षकाच्या परवानगीने, क्लबच्या रायफलवर, क्लबमध्ये असतील ते तीन-चार लॉट घ्या. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून बसून झाडा, म्हणजे तुमच्या हाताचा दोष कमी येतो. ब्रँड बदलला की पहिल्या १०-१५ गोळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं, बॅरलमध्ये आधीचं जाऊन नवीन बसायला वेळ लागतो. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे वाया.

किती गोळ्यांचा ग्रुप? इंटरनेटवर पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप नाण्याशेजारी ठेवून फोटो टाकायची फॅशन आहे. माझ्या मते त्या फोटोला काडीची किंमत नाही. ज्या लॉटचे पाचचे ग्रुप सरासरी २० मिमीचे येतात, त्याच लॉटचा एखादा १४ चा आणि एखादा २६ चा येणं अगदी सामान्य आहे. चौदाचा फोटो टाकला जातो, सव्वीसचा डिलीट होतो. शिवाय दहा गोळ्यांचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरीने पाव हिस्सा मोठाच निघतो, काडतूस तेच असलं तरी. म्हणजे एकाचे पाच आणि दुसऱ्याचे दहा अशी तुलनाच चुकीची. प्रत्येक लॉटचे दहा-दहाचे चार ग्रुप करा, आणि लॉट आलटून पालटून झाडा. नाहीतर पहिल्या लॉटला सकाळची शांत हवा मिळते आणि शेवटच्याला दुपारचा वारा.

आता फोन काढा

सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजणं सोपं, पण त्यात दहापैकी दोनच गोळ्या बोलतात. त्याऐवजी प्रत्येक भोकाचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर काढून त्याची सरासरी घ्या. तिला सरासरी त्रिज्या म्हणू. यात सगळ्या गोळ्यांचं मत येतं.

टार्गेट भिंतीवर सपाट लावा. फोन अगदी जवळ नेऊ नका, दीड-दोन मीटर मागे जाऊन २एक्स झूम वापरा. जवळून घेतलेल्या वाइड फोटोत कडा ताणल्या जातात. ५० मीटर टार्गेटच्या काळ्या गोलाचा व्यास ११२.४ मिमी असतो, तीच आपली पट्टी. समजा फोटोत काळा गोल २२४८ पिक्सेल रुंद आला, तर १ मिमी म्हणजे २० पिक्सेल. तोच गोल उभा मोजून बघा. आडवा आणि उभा आकडा जुळत नसेल तर फोन तिरका होता, फोटो परत घ्या. ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत.

मग फोटो एडिटरमध्ये प्रत्येक भोकाच्या मध्याचे आडवे-उभे पिक्सेल नोंदवा. भोकाच्या कडेवरून मोजू नका. कागद परत आकसतो, त्यामुळे भोक ५.६ मिमीच्या गोळीपेक्षा लहान दिसतं. भोवतीची काळपट कडी धरून मध्य काढा. आकडे गुगल शीट्समध्ये टाका, आडव्यांची आणि उभ्यांची सरासरी काढा, तो ग्रुपचा मध्य. एखादं भोक मध्यापासून ६४ पिक्सेल उजवीकडे आणि ४८ वर असेल तर ते ३.२ आणि २.४ मिमी, आणि पायथागोरसने सरळ अंतर ४ मिमी. दहावीचं गणित आहे, शीट एकदा बनवली की पुढे फक्त आकडे भरायचे. बॅलिस्टिक-एक्ससारखी ॲप हेच काम फोटोवर बोट ठेवून करतात, पण तिथेही पट्टी आणि भोकाचा मध्य तुम्हीच दाखवता. तिथे चूक झाली तर ॲप दोन दशांशांपर्यंत चुकीचं उत्तर देईल, एवढंच.

शीटमध्ये उभा आणि आडवा पसारा वेगळा काढून ठेवा. ग्रुप उभा लांबट असेल तर वेगातल्या फरकाचा संशय घ्या, आडवा असेल तर आधी वाऱ्याचा. वेग प्रत्यक्ष मोजायला क्रोनोग्राफ लागतो. गार्मिनचा झीरो सी१ छोट्या रडारने मोजून आकडे ब्लूटूथने फोनवर पाठवतो. महाग आहे, क्लबने मिळून घ्यावा असा. काही जण काडतुसं तराजूवर तोलतात किंवा कडेची जाडी मोजून वेगळी करतात. चांगल्या लॉटमध्ये त्याचा फायदा इतका कमी की तो वेळ मी सरावाला देईन.

गारगोटीतल्या बहुतेक मुलांच्या हातात आधी १० मीटरची एअर रायफल येते, तिला हेच सगळं लागू पडतं. तिथे दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमी. ४.५ मिमीच्या पेलेट ४.४९, ४.५०, ४.५१ अशा डोक्याच्या मापांत मिळतात आणि डब्यावर लॉट नंबरही असतो. कागदाचा काळा गोल तिथे ३०.५ मिमी, शीटमध्ये तेवढा आकडा बदला. चांगला लॉट सापडला की डब्याच्या तळाचा फोटो काढून ठेवा आणि त्याच दिवशी दुकानदाराला दाखवा, कारण पुढच्या खेपेला येणारा डबा रंगाने तसाच असेल, नंबर वेगळा असेल.