यंत्र बदलण्यापूर्वी वही उघडा



रेडिओवर ऐकलेले आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून हे पत्रक. गटाने मिळून तूरडाळीची एक किलोची पाकिटे भरणाऱ्यांसाठी ते आहे.

तक्रारी दोन असतात. गिऱ्हाईक म्हणते, पाकीट हलके. हिशेब लिहिणारा म्हणतो, पोती लवकर संपतात. मग बैठकीत कुणीतरी बोलतो, "यंत्र जुनं झालं, कर्ज काढून नवं घेऊ." थांबा. खोट यंत्रात आहे की आपल्या वापरात, हे आधी मोजून पाहा.

कोळप्याचे उदाहरण घ्या. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर आहे. फासच ५० ची असेल तर कितीही हुशार माणूस धरा, रोपे कापली जाणारच. फास ३० ची आहे, पण कोळपे एका बाजूला दाबून चालवले, तरी एक ओळ गेली. आणि फास बरोबर, सुरुवातही मधोमध, पण बैल घटकेत इकडे, घटकेत तिकडे ओढू लागले, तर संध्याकाळी दोन्हीकडची रोपे पडलेली दिसतील. पहिल्यात अवजार बदलावे लागते, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात बैल आवरावे लागतात. पाकिटांचेही असेच आहे.

ओळी म्हणजे मर्यादा. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट चालते. पण तपासलेल्या पाकिटांची सरासरी किलोच्या खाली चालत नाही. म्हणून खालची मर्यादा ९८५ ग्रॅम. वरची आपल्या खिशाची, ती १०१५ धरू. मधली जागा झाली ३० ग्रॅम.

आता वही घाला :

१) रोज एकदा, लागोपाठ भरलेली पाच पाकिटे शिक्का मारलेल्या तराजूवर तोला. रिकाम्या पिशवीचे वजन वजा करा.

२) पाचांत सर्वांत जड आणि सर्वांत हलके यांतला फरक लिहा.

३) २५ दिवस असे करा. १२५ वजने जमतील.

रोजच्या फरकांची सरासरी काढून तिला २.३३ ने भागा. समजा सरासरी ७ आली, तर उत्तर ३ ग्रॅम. याला प्रमाण विचलन म्हणतात. याची सहापट, म्हणजे १८ ग्रॅम, ही यंत्राच्या फासेची रुंदी. यंत्र स्थिर चालले तर हजारांतली सुमारे ९९७ पाकिटे एवढ्यात बसतात. ३० भागिले १८ म्हणजे १.६७. ही झाली क्षमता. आकडा १ पेक्षा कमी, तर फास ओळीत मावतच नाही. १.३३ किंवा जास्त, तर यंत्र चांगले समजावे.

मात्र फास मध्यावर आहे का तेही पाहावे. सरासरी १००६ असती, तर वरची मर्यादा ९ ग्रॅमवरच उरली असती. विचलनाची तिप्पट ९. ९ भागिले ९, आकडा १ वर आला. यंत्र तेच, पण एका बाजूला सरकलेले. इलाज सोपा, माप थोडे कमी करायचे.

आता दुसरा आकडा. सगळी १२५ वजने एकत्र घेऊन त्यांचे प्रमाण विचलन काढा. कॉलेजात जाणारे पोर गणकयंत्रावर काढून देईल. समजा ते ६ आले आणि सरासरी बरोबर १०००. सहापट ३६, ३० भागिले ३६ म्हणजे ०.८३. ही झाली प्रत्यक्ष कामगिरी, गिऱ्हाइकाच्या हातात पडते ती. अशा वेळी हजारांत साधारण सहा पाकिटे ९८५ च्या खाली जातात आणि काही दिवसांची सगळी सरासरीच किलोखाली असते.

क्षमता १.६७ आणि कामगिरी ०.८३. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. लागोपाठची पाच पाकिटे एकमेकांशी जुळतात, पण आजची आणि उद्याची जुळत नाहीत. यंत्र करू शकते, आपण करून घेत नाही. इथे नवे यंत्र आणले तरी बैल तेच राहणार!

मग बैल कोणते? कपाने भरणारे यंत्र वजन करत नाही, ते आकारमान मोजते. डाळीचा लॉट बदलला, चुरी कमी-जास्त झाली, की त्याच कपात वेगळे वजन मावते. म्हणून नवे पोते फोडले की पाच पाकिटे तोला, मग कप लावा. तराजू सपाट जागी ठेवा, सकाळी शून्य पाहा, पंख्याचा वारा लागू देऊ नका. उलट, एकच पाकीट हलके निघाले म्हणून लगेच माप फिरवू नका. त्याने चढउतार वाढतोच.

पैशांत पाहा. असा चढउतार असताना रोजची सरासरी किलोवर ठेवायची तर माप दहा ग्रॅम चढवावे लागते. हजार पाकिटांमागे दहा किलो डाळ फुकट जाते. चढउतार आवरला की तीन ग्रॅम पुरतात. सात किलो घरात राहते.

हा हिशेब कारखान्यांतून आला. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी टेलिफोनच्या सामानासाठी पहिला नियंत्रण-तक्ता मांडला, आणि १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले. पण वही आणि तराजू असेल तिथे तो चालतो.

दोन्ही आकडे कमी आले, तर खुशाल नव्या यंत्राचा विचार करा. पण क्षमता चांगली आणि कामगिरी वाईट असेल, तर कर्जाच्या कागदावर सही करू नका. हे पत्रक वहीत डकवून ठेवा.